दुष्काळाच्या वहीतला कोरा रकाना

दुष्काळाचा इतिहास शिकविणे हे आम्हां शाळामास्तरांचे नेमाचे काम. सन सांगायचा, कारणे सांगायची, उपाय सांगायचे आणि फळा पुसायचा. कादंबऱ्या लिहिण्याचे वेड असल्यामुळे मला मात्र त्या जमाखर्चात एक रकाना सदैव कोरा दिसत आला आहे. तो माणसाच्या मनाचा.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ साली दुष्काळसंहितेचा मसुदा झाला. काम किती, मजुरी किती, धान्य किती, याचा विचार तीत होता. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने या विद्येत मोठीच मजल मारली. मे १९७३ मध्ये सरकारी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. त्या अनुभवावरच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. भुकेला उत्तर सापडले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण पोटात घास गेल्यावरही ज्याचा रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, त्याचे काय करावे, हे कोणी लिहून ठेवले नव्हते.

आपण म्हणाल, त्याला गावचा पार होता, कीर्तन होते, शेजार होता. होता खरा. परंतु लागोपाठ नापिकी आली म्हणजे साऱ्या पाराचेच तोंड उतरते. ज्याने धीर द्यायचा, त्याचीही दुबार पेरणी वाया गेलेली असते! शिवाय धीर देणे म्हणजे ‘होईल सारे ठीक’ म्हणणे नव्हे. ती एक विद्या आहे, आणि विद्या म्हटली की गुरू आलाच.

ही विद्या डॉक्टरांपुरती ठेवून भागणार नाही, हे आपल्या देशाने तसे लवकर ओळखले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने खेड्यातल्या साध्या दवाखान्यापर्यंत ही सेवा नेण्याचे ठरविले. १९९९ साली ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपले, तेव्हा गावच्या कार्यकर्त्यांनाच आपद्ग्रस्तांना मानसिक आधार देण्याचे शिक्षण देण्यात आले.

आपल्या वऱ्हाडातही हा प्रयोग झाला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. त्याची रचना जिन्यासारखी होती. पहिल्या पायरीवर गावातली आरोग्य कार्यकर्ती, दुसरीवर शिकवून तयार केलेला समुपदेशक आणि वरच्या पायरीवर मनोविकारतज्ज्ञ. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी पूर्वी शेकडा ४.३ माणसेच मदतीपर्यंत पोहोचत. दीड वर्षाने ती शेकडा २७.२ झाली. जीव नकोसा झाल्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. तुलनेसाठी बाहेरची गावे घेतली नव्हती, म्हणून सारेच श्रेय उपक्रमाला देता यायचे नाही. तरी आकडा बोलका आहे.

मला महत्त्वाची वाटते ती त्या जिन्याची बांधणी. पहिल्या पायरीवरची बाई दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकते आणि संध्याकाळी आपल्या स्वतःच्या कोरडवाहू रानाकडे पाहते. तिला चार दिवस शिकवून सोडून दिले, तर तीही खचेल. तिच्या पाठीशी जाणते माणूस हवे. तिची अडचण ऐकणारे, चुकले तेथे सांगणारे, आवरेनासे झाले की रुग्णाला पुढे नेणारे. आम्हां मास्तरांना ठाऊक आहे, की शिकविणाऱ्यालाही शिकत राहावे लागते.

पाऊस आताशा आपले वेळापत्रक पाळीनासा झाला आहे. जून कोरडा जातो, काढणीला आलेले पीक भिजते, गारा पडतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही हवामानबदलाच्या उपायांत मनाच्या आरोग्याला जागा द्या, असे सर्व देशांना सांगितले. म्हणून छावण्या आणि टँकर यांच्या अंदाजपत्रकात या शिक्षणाचाही खर्च दरवर्षी धरावा, असे मला वाटते.

तोवर घरोघरी एवढे तरी करावे. फराळाला आलेला पाहुणा नेहमीपेक्षा गप्प दिसला, तर त्याला उपदेश न करता जवळ बसवावे आणि बोलू द्यावे. भार मोठा वाटला, तर सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा आहे, ती त्याला सांगावी. फोन लावताना सोबत बसावे.