जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण

शिरूर वा दौंड तालुक्यातील शेतजमिनीचे खरेदीखत वाचू लागलो की मिळकतीच्या वर्णनात 'तुकडी पुणे, पोटतुकडी तालुका दौंड' असे ठरीव शब्द भेटतात. पुढे गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. आणि अखेरीस बहुधा 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह' ही शब्दमाला. नावे आणि आकडे बदलतात. हे तुकडे दस्तामागून दस्तात तसेच उतरतात. आपण साहित्याचे अभ्यासक अशा मजकुराला साचा म्हणून ओलांडून जातो. वस्तुतः इतिहास तेथेच साचलेला असतो.

या तुकड्यांचे वय एक नाही. तुकडी-पोटतुकडी ही नोंदणी कायद्याची, म्हणजे इंग्रजी अमदानीची भाषा. शब्दमाला त्याहून पुष्कळ जुनी. पेशवेकालीन इनामपत्रांत ती आढळते. 'निधिनिक्षेप' तर यादव-शिलाहारांच्या दानपत्रांतही आहे. राजा गाव दान देई तेव्हा भूमीतील गुप्तधनावरचा हक्कही देई, म्हणून त्या शब्दाला अर्थ होता. 1878 च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले. तरी खरेदीखत आजही निधिनिक्षेप विकतेच. अधिकार सरला, शब्द उरला.

संगणकावरील साध्या मजकुराच्या लेखनपद्धतींत असा सामाईक परिच्छेद एका जागी ठेवून अनेक दस्तऐवजांत नावाने बोलावता येतो; मूळ सुधारले की सर्वत्र सुधारते. कारकुनाची रीत याच्या उलट होती. इनामपत्राच्या शेवटी गावच्या मोकदमास आज्ञा असे: या पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे. प्रत वेगळी झाली की ती स्वतंत्र साक्षीदार ठरे. दप्तरातील कागद बदलून इनामदाराच्या घरचा कागद बदलत नसे.

अर्थात या रीतीची किंमतही आहे. साच्याबरोबर चतुःसीमाही जुन्या दस्तावरून जशाच्या तशा उतरल्या, तर पूर्वेस कधीच निवर्तलेला शेजारी उभा राहतो आणि बांधाच्या वादाला कागदोपत्री आधार मिळतो. मिळकत ओळखण्याचा खरा आधार असलेल्या त्या चार ओळीच सवयीच्या शब्दांत दडतात.

म्हणून पाठभेद शोधण्याची आपली शिस्त केवळ काव्यापुरती राखू नये. साचा कोठून आला आणि तो कोठे मोडला, हे दोन प्रश्न खरेदीखतालाही विचारले पाहिजेत.