बोटीवरचे ५८ दिवस

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या, इतकें सांगून चरित्रकार बहुधा पुढें जातात. परंतु जव्हार-मोखाड्याकडच्या आमच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'त्या ५८ दिवसांत बाईंनीं केलें काय?' हा प्रश्न आम्हांस पोरकट वाटत नाहीं. हल्लीं विहारनौकेवर मुलांस करमणूक नाहीं म्हणून आईबाप कुरकुरतात. येथें तर नुकतींच १८ वर्षें पुरीं केलेली मुलगी, सोबतीस वयानें वडील अशा मिशनरी स्त्रिया, परकें अन्न, आणि पति गोपाळराव मागें राहिलेले.

पण त्याआधींचें आयुष्य पाहावें. नवव्या वर्षीं लग्न. १४ वर्षांची असतां मूल झालें, तें दहा दिवसांत गेलें. गोपाळरावांची शिकविण्याची जिद्द थोर खरी, पण जाचकही होती. पुस्तक टाकून पत्नी चुलीपाशीं दिसली कीं त्यांचा संताप अनावर होई. (पुष्कळ नवऱ्यांचा याच्या उलट कारणानें होई, ही गोष्ट वेगळी.) सोबतिणींचा धर्मोपदेश सोडला, तर कोणी धडा घेणारा नाहीं, रागावणारा नाहीं, असे सलग दिवस या मुलीस प्रथम त्या बोटीवरच लाभले असावेत, असा आमचा तर्क आहे. पुढें फिलाडेल्फियास पुन्हा अभ्यासच होता. ११ मार्च १८८६ रोजीं वैद्यकीची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या, तेव्हां वयास २२ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.