टॅप हँडल निवडताना...

धातूच्या भागाला भोक पाडले, आटे पाडण्यासाठी त्यात टॅप लावला आणि दोन-तीन फेऱ्यांतच तो 'कट्' असा आवाज होऊन आत तुटला, हा अनुभव वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. टॅप कठीण पोलादाचा असल्याने अडकलेला तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. तो काढण्यासाठी अनेकदा स्पार्क इरोजन यंत्राचा आधार घ्यावा लागतो. तेही जमले नाही, तर काही तास खपून तयार केलेला जॉब भंगारात जातो. अशा वेळी दोष टॅपला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा टॅप ज्यात धरला जातो, त्या हँडलचा असतो.

घरच्या घरी दुरुस्ती करणारे हौशी कारागीर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी टॅप चांगल्या प्रतीचा घेतात. हँडल मात्र हाताशी येईल ते वापरतात. काही जण तर टॅप सरळ पान्यात पकडतात. पान्याने जोर एकाच बाजूने लागतो आणि टॅप वाकतो. टॅपच्या अंगावर लांबीच्या दिशेने खाचा असतात, त्यामुळे त्याचा गाभा मुळातच बारीक असतो. शिवाय कठीणपणाबरोबर ठिसूळपणाही येतो. सरळ पीळ तो बऱ्यापैकी सोसतो, आडवा जोर मात्र त्याला सोसवत नाही.

लांबीचे गणित

टॅपवर पडणारा पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले हँडलची लांबी. पाच इंची हँडलऐवजी पंधरा इंची हँडल घेतले, तर तेवढ्याच जोरात तिप्पट पीळ पडतो. दुसरीकडे, पीळ सोसण्याची टॅपची ताकद ढोबळमानाने व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे एम ८ टॅप जितका पीळ सोसतो, त्याच्या सुमारे एक-अष्टमांश पीळही एम ४ ला जड जातो. मोठ्या हँडलमध्ये लहान टॅप लावला की तो तुटण्याच्या बेतात आल्याचे हाताला जाणवतच नाही. त्यामुळे सर्व मापांसाठी एकच हँडल ठेवण्याचा मोह टाळावा. एम ३ ते एम ५ साठी एक लहान आणि एम ६ ते एम १२ साठी एक मध्यम, अशी दोन हँडल घेतल्यास घरगुती व लहान वर्कशॉपची बहुतेक कामे होतात.

प्रकार कोणते?

दुहाती हँडलमध्ये मध्यभागी दोन जबडे असतात आणि एक दांडी फिरवून ते आवळले जातात. दोन्ही हातांनी सारखा जोर लावता येत असल्याने मध्यम व मोठ्या टॅपसाठी हाच प्रकार योग्य. ते एका हाताने फिरवणे म्हणजे टॅप वाकवण्यासारखेच आहे.

टी आकाराचे हँडल लहान टॅपसाठी आणि अडचणीच्या जागेसाठी सोयीचे असते. त्याची आडवी दांडी आखूड असल्याने जोरावर आपोआप मर्यादा राहते. भिंतीलगत किंवा यंत्राच्या आतल्या बाजूला पूर्ण फेरी घेता येत नसेल, तर रॅचेट असलेले टी हँडल उपयोगी पडते. मात्र ते दोन्ही दिशांना चालणारे असावे.

दुकानात काय तपासावे?

नेहमी वापरायचा टॅप सोबत नेणे उत्तम. टॅपच्या टोकाचा चौकोन जबड्यांत पूर्ण बसला पाहिजे. गोल भागावर पकड घेणारे हँडल कामात घसरते. टॅप आवळून हँडल हळूहळू फिरवावे आणि टॅपच्या टोकाकडे पाहावे. टोक डोलत असेल, तर ते हँडल सरळ आटे पाडू देणार नाही. जबडे कठीण केलेल्या पोलादाचे असावेत. मऊ जबड्यांवर चौकोनाच्या कडा लगेच उमटतात आणि काही दिवसांत पकड सैल होते. दोन्ही दांड्यांची लांबी सारखी असावी, तसेच आवळलेली दांडी थोड्याशा उलट फेरीने सुटता कामा नये.

टॅप आणि भोक

हाताने वापरायचे टॅप सहसा तिघांच्या संचात मिळतात. पहिला लांब निमुळता, दुसरा कमी निमुळता आणि तिसरा बंद भोकाच्या तळापर्यंत आटे नेणारा. हाय स्पीड स्टीलचे टॅप कार्बन स्टीलपेक्षा अधिक टिकतात. नागपूरसह महाराष्ट्रातही टॅपचे उत्पादन होते. जुन्या यंत्रांवर काम करताना आटे मेट्रिक आहेत की इंची, हे आधी तपासावे. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा, तर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा ५५ अंशांचा असतो.

हँडल कितीही चांगले असले, तरी भोक लहान पडले असल्यास टॅप तुटणारच. आट्याच्या मापातून दोन आट्यांमधील अंतर वजा केले की ड्रिलचे माप मिळते. नेहमीची मापे अशी :

एम ३ - २.५ मिमी
एम ४ - ३.३ मिमी
एम ५ - ४.२ मिमी
एम ६ - ५ मिमी
एम ८ - ६.८ मिमी
एम १० - ८.५ मिमी
एम १२ - १०.२ मिमी

वापरताना

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर हँडल काढून गुण्याने टॅप काटकोनात आहे का, हे दोन बाजूंनी पाहावे. चूक या टप्प्यावरच सुधारता येते. त्यानंतर अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे, असे काम करावे. त्यामुळे धातूचा कीस तुटतो आणि खाचा तुंबत नाहीत. पोलादासाठी कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमसाठी रॉकेल वापरावे; बिडाला मात्र तेल लागत नाही. हँडल अचानक जड लागले, तर जोर वाढवू नये. टॅप उलटा फिरवून बाहेर घ्यावा, कीस साफ करावा आणि पुन्हा सुरुवात करावी.

योग्य मापाच्या हँडलचा खरा फायदा इथेच दिसतो. टॅप अडखळू लागल्याची सूचना ते तुटण्यापूर्वीच हाताला देते. ती सूचना मिळाली आणि कारागिराने ऐकली, तर टॅपही वाचतो आणि जॉबही.