नमाज आणि चित्ताची एकाग्रता

रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या काठी सायंकाळी फिरावयास जाण्याचा माझा बरेच दिवसांचा परिपाठ आहे. एके काळी गावाच्या कडेला असलेला हा तलाव आता राजधानीच्या भरवस्तीत आला आहे. काठाने बांधीव वाट आहे, दिव्यांची रांग आहे, आणि लोक त्या जागेला हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. दिवस मावळताना पाण्यावर जो रंग उतरतो तो पाहण्यासारखा असतो. पण पाहणारे थोडे. बहुतेकांच्या माना हातातल्या मोबाइलवर वाकलेल्या असतात. त्यांत माझीही एक असते, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझ्याबरोबर फिरावयास येणारे एक मुसलमान स्नेही आहेत. एकदा परतावयास उशीर झाला आणि वाटेतच मगरिबच्या नमाजीची वेळ झाली. त्यांनी आपला मोबाइल बंद करून माझ्या हाती दिला, नळावर वजू केला, हिरवळीवर रुमाल पसरला आणि ते उभे राहिले. पाच-सात मिनिटांचाच तो अवधी. तेवढ्यात माझ्या खिशातील यंत्राने मला चार वेळा हाक मारली आणि चारही वेळा मी ती मुकाट्याने ऐकली. ते परत आल्यावर मी विचारले, “लागले का चित्त?” ते हसून म्हणाले, “रोज लागते असे कोण म्हणेल, साहेब? सुटले की परत आणायचे, एवढे आम्हांला शिकवलेले आहे.”

इतिहास हा माझ्या एम. ए.चा विषय. त्यामुळे हे शिकवले कोणी आणि केव्हा, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. त्या शोधात जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

आपली एक समजूत अशी असते की पूर्वीचे लोक निवांत होते, त्यांना ध्यान साधत असे, आणि चित्त विचलित होण्याचा रोग या मोबाइलच्या युगाबरोबर जन्मास आला. इस्लामच्या आरंभकाळातील कथा या समजुतीस आधार देत नाहीत. पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचाराच्या ज्या परंपरा हदीस म्हणून संग्रहित झाल्या, त्यांत एका चादरीची हकीकत आहे. अबू जहम नावाच्या गृहस्थाने भेट दिलेली वेलबुट्टीची लोकरी चादर पांघरून पैगंबरांनी एकदा नमाज पढली. पढताना त्यांची दृष्टी तिच्या नक्षीवर गेली. नमाज संपताच त्यांनी ती चादर अबू जहमकडे परत पाठविली आणि तिच्याऐवजी त्याच्याकडची एक साधी, बिननक्षीची चादर मागविली. देणाऱ्याचे मन दुखवू नये म्हणून ही मागणी, असे भाष्यकार सांगतात. लक्ष वेधून घेणाऱ्या वस्तूचा त्रास साक्षात् पैगंबरांनाही झाला, हे त्या परंपरेने लपविले नाही, हे विशेष.

दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. एकदा चार रकातींची नमाज पैगंबरांनी दोनच रकातींत आटोपली. मागे उभ्या असलेल्या मंडळींत बोलण्याचा धीर कोणास होईना. अखेर जुल्-यदैन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माणसाने विचारले, की नमाज कमी करण्यात आली आहे की आपणांस विसर पडला? इतरांनी दुजोरा दिला, तेव्हा पैगंबरांनी राहिलेल्या रकाती पूर्ण केल्या आणि शेवटी दोन जादा सजदे केले. भुलीच्या या सजद्यांना पुढे शास्त्रात कायमचे स्थान मिळाले. आजही रकातींची संख्या चुकल्याची शंका आली की नमाजी याच रीतीने ती भरून काढतो. मला यात फार मोठे शहाणपण दिसते. मन भटकणारच, हे गृहीत धरून तेथे त्याच्या परतीची वाट बांधून ठेवलेली आहे.

या दृष्टीने नमाजीची सगळी घडणच पाहण्यासारखी आहे. दिवसाच्या पाच वेळा, आणि त्यांत मिळून आवश्यक अशा सतरा रकाती: पहाटे दोन, दुपारी चार, तिसऱ्या प्रहरी चार, सूर्यास्तानंतर तीन आणि रात्री चार. मन पाच वेळा घरी बोलावले जाते, मग मधल्या काळात ते कोठेही हिंडून आलेले असो. आरंभी पाणी, म्हणजे वजू. त्याने शरीराला सूचना मिळते. मग किब्ल्याकडे तोंड. त्याने दिशा ठरते. उघड्या जागी असल्यास समोर काठीसारखी एखादी वस्तू ठेवावयाची. तिला ‘सुतरा’ म्हणतात आणि तिच्या अलीकडची जमीन तेवढ्यापुरती त्या माणसाची होते. दृष्टी सजद्याच्या जागी. आणि आरंभीच्या ज्या तकबीरीने नमाज सुरू होते, तिचे नावच असे आहे की तिच्यानंतर बोलणे, खाणे, इकडेतिकडे पाहणे हे एरवीचे व्यवहार निषिद्ध होतात.

वेळ कळण्यासाठी यंत्राचे साह्य घेण्यासही या परंपरेने कधी कमीपणा मानला नाही. तेराव्या शतकापासून इजिप्तमधील मशिदींत नमाजीच्या वेळा गणिताने काढणारे ‘मुवक्कित’ नेमले जाऊ लागले. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित इब्न अल्-शातिर हा मोठा ज्योतिर्विद होता. त्याने 1371 च्या सुमारास त्या मशिदीसाठी घडविलेले छायायंत्र प्रसिद्ध आहे. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. तो वेळेवर अजान ऐकवितो, किब्ल्याची दिशाही दाखवितो. फरक एवढाच की छायायंत्र वेळ सांगून गप्प बसत असे. हे नवे यंत्र नमाजीला बोलावते आणि नमाजीतून बोलावूनही नेते. म्हणून अनेक मशिदींत जमात उभी राहण्यापूर्वी रांगा सरळ करण्याच्या सूचनेबरोबर मोबाइल बंद करण्याचीही आठवण दिली जाते.

पण यंत्र बंद केल्याने मन बंद होते काय? या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार इमाम गझाली यांनी केला. जन्म 1058 चा, मृत्यू 1111 चा. बगदादच्या निजामिया विद्यापीठातील श्रेष्ठ पद, शेकडो विद्यार्थी, दरबारात मान, हे सर्व असताना 1095 मध्ये त्यांनी ते सोडले आणि ते देशाटनास निघाले. आपल्या विद्यादानातही कीर्तीची लालसा मिसळली आहे, हे त्यांना दिसून आले होते. पुढे लिहिलेल्या ‘इह्या उलूम अल्-दीन’ या महाग्रंथात नमाजीच्या अंतरंगावर स्वतंत्र भाग आहे. त्यात ते अगोदर बाहेरचे उपाय सांगतात: भिंतीजवळ उभे राहावे, अंधाऱ्या लहान खोलीत पढावे, नक्षीदार जागा टाळाव्यात. नंतर सांगतात की हे उपाय दुबळ्या विक्षेपांपुरतेच चालतात, आणि एक दृष्टान्त देतात. एक माणूस झाडाखाली विचार करीत बसला आहे. वर चिमण्यांचा कलकलाट चालू आहे. तो काठीने त्या उडवितो, पुन्हा बसतो. चिमण्या पुन्हा येतात. अशाने दिवस सरेल, पण शांतता मिळणार नाही. ती हवी असेल तर झाडच तोडले पाहिजे. ते झाड म्हणजे आपली आसक्ती. मोबाइलवरील एकेक सूचना बंद करीत बसणाऱ्या आम्हां लोकांसाठीच जणू हे नऊ शतकांपूर्वी लिहून ठेवले आहे.

गझालींनी बगदाद सोडले त्याच वर्षी अब्दुल कादिर जिलानी नावाचा एक तरुण विद्यार्थी बगदादेत आला. त्यांच्या नावाने चाललेली कादिरी परंपरा पुढे दख्खनेत पोहोचली, आणि तिचे नाते आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांशी जोडले जाते. त्यांचे गुरू चांद बोधले हेच एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू, अशी परंपरा सांगते. शेख महंमदांनी 1645 मध्ये मराठीत पूर्ण केलेल्या ओवीबद्ध ग्रंथाचे नाव ‘योगसंग्राम’. यातला संग्राम माणसाच्या आत चालणारा आहे. मनाला उद्देशून श्लोक रचणाऱ्या रामदासांचेही शतक तेच. बगदादच्या पंडिताला आणि श्रीगोंद्याच्या संताला एकच शत्रू आढळला, आणि तो दोघांनाही स्वतःच्याच घरात आढळला.

या झगड्याच्या दोन बाजू एकाच छपराखाली पाहावयाच्या असतील तर विजापूरच्या जामा मशिदीत जावे. पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीतील ही वास्तू भव्य असूनही साधी आहे. तिच्या फरशीवर एकेका नमाजीपुरते चौकोन आखलेले आहेत. त्यांची संख्या सव्वादोन हजारांच्या आसपास भरते. प्रत्येकाला एवढी जागा, तेवढ्यातच उभे राहणे आणि तेथेच कपाळ टेकणे. आणि समोर, 1636 मध्ये सोन्यारंगांनी नटविलेली मिहराब! डोळ्यांना तिने ओढावे आणि पायांना चौकोनाने धरावे, अशी ती ओढाताण आहे. माणसाची अवस्था फारशी निराळी नसते.

आता शेवटी एक जुनी हकीकत, जिने मला स्वस्थ बसू दिले नाही. आठव्या शतकातील इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या संग्रहात ती आहे. मदिनेचे अबू तल्हा आपल्या बागेत नमाज पढत होते. एक पाखरू दाट झाडोऱ्यात शिरले आणि बाहेर पडण्याची वाट शोधीत इकडून तिकडे भिरभिरू लागले. बागेची ती दाटी पाहून अबू तल्हांना क्षणभर कौतुक वाटले, दृष्टी त्या पाखरामागे गेली, आणि परत आली तेव्हा किती रकाती झाल्या ते आठवेना. ते उठून पैगंबरांकडे गेले, घडले ते सांगितले आणि ती बागच दान करून टाकली. पुढे खलिफा उस्मानांच्या काळातही फळांनी लवलेल्या खजुरींमुळे असेच भान हरपलेल्या दुसऱ्या एकाने आपली बाग दिली. ती पन्नास हजारांना विकली गेली आणि तिचे नावच ‘पन्नास’ पडले. पाखराला कोणी दोष दिला नाही.

श्रोतेहो, काही महिन्यांपूर्वी माझ्या मेजावर एका विधवेच्या निवृत्तिवेतनाचे कागद आले होते. ते वाचत असता मोबाइलवर एक विनोदी चित्र आले. मी ते पाहिले, हसलो, आणि कागद भलत्याच गठ्ठ्यात सरकविले. ते सापडण्यास अठरा दिवस लागले. त्या बाईने तक्रार केली नाही. नमस्कार करून ती गेली. चूक सर्वस्वी माझी होती. पण भुलीचा सजदा कसा करावा, हे मला कोणी शिकविलेले नव्हते.

मी नमाज पढणारा नव्हे. परंतु त्या दिवसापासून कचेरीत कागद वाचावयास घेतला की मोबाइल खणात ठेवतो, आणि मन सुटले असे वाटले तर तो कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतो. बाग दान करण्याइतके धैर्य अद्याप अंगी आलेले नाही. तेलीबांध्याच्या काठी मात्र आता आम्ही दोघेही मोबाइल बंद करून फिरतो, आणि मगरिबची वेळ झाली की मी शेजारच्या बाकावर बसून पाण्याकडे पाहतो. पाच-सात मिनिटांत मन कितीदा पळते याची गणती मी करीत नाही. पळाले की परत आणतो.