ग्वाल्हेर : खेलो इंडिया युवा स्पर्धेची मैदानं

खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेचं पाचवं पर्व ऐन थंडीत, ३० जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२३ दरम्यान मध्य प्रदेशात झालं. स्पर्धा १८ वर्षांखालील मुलामुलींची. बर्फावरचे खेळ यात नसतात. त्यांची वेगळी हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गला भरते.

सगळे खेळ एकाच शहरात न ठेवता राज्यातल्या आठ शहरांत वाटून दिले. जिथं सोय आधीपासून आहे, तिथं तो खेळ, असा साधा हिशेब. महेश्वरला नर्मदेचं वाहतं पाणी, म्हणून कनू स्लॅलम तिकडं. ट्रॅक सायकलिंग मात्र थेट दिल्लीला न्यावं लागलं.

ग्वाल्हेरच्या वाट्याला हॉकी, बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि कलरीपयट्टू आले. हॉकी कंपूच्या महिला हॉकी अकादमीच्या टर्फवर, तर बॅडमिंटन आणि जिम्नॅस्टिक्स लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत झालं. १८५७ च्या उठावाच्या शताब्दीला, १९५७ साली सुरू झालेली ही संस्था. जिचं नाव संस्थेला दिलं, त्या झाशीच्या राणीची समाधी याच शहरात, फूलबागेत आहे.

या पर्वात महाराष्ट्रानं ५६ सुवर्णांसह १६१ पदकं मिळवून पहिला नंबर काढला. हरियाणा दुसरा, यजमान मध्य प्रदेश तिसरा.

स्पर्धा तेरा दिवसांत संपते, मैदान मात्र मागं राहतं. कंपूच्या टर्फवर एरवी अकादमीच्या मुली सराव करतात आणि संस्थेत क्रीडाशिक्षक घडतात. आपल्या जिल्ह्यात मैदान मागताना हाच मुद्दा धरावा: स्पर्धेनंतर तिथं रोज खेळणार कोण?