डोंगराआधीच पडणारा पाऊस

नकाशावर नवी मुंबईपासून पुण्यापर्यंत एक रेघ ओढा. बेलापूर, पनवेल, डावीकडे माथेरानची रांग, खंडाळ्याचा घाट, मग तळेगाव आणि पुणे. शाळेतलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे : नैऋत्य वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, हवा थंड होते, पाऊस पडतो. पलीकडे उतरताना तीच हवा तापते आणि पर्जन्यछाया तयार होते. उत्तर चूक नाहीच. माथेरानला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस, तर पुण्यात जेमतेम ७००.

पण या उत्तरात आपण राहतो ती जागा बसत नाही! मुंबईच्या किनाऱ्यावर २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाटमाथा तिथून पन्नास-साठ किलोमीटर लांब. वारा अजून चढलाच नाही, मग हा पाऊस कसला?

हे नीट कळायला आधी आकडे कुठून आले ते बघू. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीनं जहाजांसाठी आणि वेळ मोजण्यासाठी उभारलेली. १८२८ च्या सुमारास माल्कमच्या काळात महाबळेश्वर हे गोऱ्यांचं हवापालटाचं ठिकाण झालं. जिथे साहेब राहिला, तिथे पर्जन्यमापक लागला. पुढे शेतसाऱ्याच्या निमित्तानं तो मामलेदार कचेऱ्यांच्या आवारात पोचला. म्हणजे किनारा, माथा आणि पठार इथले आकडे आहेत. मधल्या उतारावर, जंगलात, ठाकरवाड्यांवर फारसं काही नाही. समुद्रावर तर नाहीच. मुंबई लष्करातला अधिकारी विल्यम साइक्स यानं दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये आणि भारतभरच्या नोंदींवर १८५० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिले. उंचीबरोबर पाऊस वाढतो, पण साधारण साडेचार हजार फुटांपर्यंतच, असं त्याच्या हाती लागलं. हे निरीक्षण मोठंच. पण मला वाटतं, ‘डोंगर म्हणजे पाऊस’ हे समीकरण इतकं पक्कं बसलं त्यात मापकांच्या जागांचाही वाटा आहे. तुमच्या प्रबंधात एखाद्या ठाण्याची सरासरी घेताना तो मापक तिथे कोणी आणि कशाला लावला, हे जरा शोधून बघा. चक्रावून जाल.

१८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं, नोंदी एकत्र होत गेल्या, पण किनाऱ्याचा पेच तसाच राहिला. १९६६ मध्ये आर. पी. सरकार यांनी मुंबई-पुणे याच रेघेवर गणिती प्रतिमान मांडलं. घाटाच्या उतारावरचा पाऊस त्यात छान जुळतो, माथ्याच्या थोडा अलीकडे सर्वांत जास्त येतो. किनाऱ्यावर मात्र गणितातला पाऊस खऱ्यापेक्षा कमी पडतो.

मग १९७९ च्या ‘मॉनेक्स’ मोहिमेत विमानांनी अरबी समुद्रावर मोजमापं घेतली. त्यांच्या आधारे ग्रॉसमन आणि डुरान यांनी १९८४ मध्ये वेगळं सुचवलं : डोंगराचा अडथळा वाऱ्याला फार आधीच जाणवतो. पुढे वाहतूक तुंबली की मागच्या गाड्या कशा लांबूनच हळू होतात, तसं. वारा मंदावतो, हवा समुद्रावरच वर उचलली जाते आणि ढग तिथेच उभे राहतात. १९८८ मध्ये ओगुरा आणि योशिझाकी म्हणाले, एवढ्यानं भागत नाही. उबदार समुद्रातून मिळणारी उष्णता व बाष्प आणि उंचीनुसार बदलणारा वारा, दोन्ही धरल्याशिवाय समुद्रावरचा आणि डोंगरावरचा पाऊस एकाच वेळी येत नाही. वाद आजही चालू आहे, विषय शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सरासऱ्यांची आणखी एक गंमत. गंमत कसली म्हणा! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७४. दोघांच्या मागे सह्याद्री तोच.

आणि उतारावर? खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. नवी मुंबईच्या नळाला येणारं पाणी ज्या मोरबे धरणाचं, ते त्याच तालुक्यात आहे, आणि ते भरतं याच डोंगरांवरच्या पावसानं.