राखीव सिग्नल-बदल यंत्रणा (एफएम रेडिओ)

एफएम केंद्राचा मुख्य सिग्नल तुटताच प्रसारण पर्यायी स्रोताकडे आपोआप वळवणारी उपकरणे. स्टुडिओतून येणारा आवाज नेमलेल्या पातळीखाली ठरावीक सेकंद राहिला, की शांतता-संवेदक रिले फिरवतो आणि राखीव ध्वनिमुद्रण सुरू होते. ही मुदत फार तोकडी ठेवली, तर नभोनाट्यातला बोलका विरामही बिघाड ठरतो!

प्रक्षेपकांची अदलाबदल अधिक जोखमीची. प्रक्षेपक बदलणारा कोॲक्सियल स्विच फिरण्याआधी प्रक्षेपकाची शक्ती बंद व्हावी लागते, नाहीतर संपर्क जळतात, म्हणून शक्ती बंद झाल्याशिवाय स्विच फिरू न देणारा इंटरलॉक.

लहान केंद्राचे उदाहरण म्हणजे बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ९०.८ मेगाहर्ट्झवरची शारदा कृषी वाहिनी. अशा सामुदायिक केंद्रांची प्रभावी प्रक्षेपणशक्ती साधारणतः १०० वॅटपर्यंतच असते. तुटपुंज्या खर्चात दुसऱ्या प्रक्षेपकाआधी आवाजाच्या बाजूचा स्विच घेणेच शहाणपणाचे.